पोचा आलेला तांब्या

कुसुम, तुझं ते बिननावाचं कार्ड अजून खोक्याबाहेरच आहे. तू ठेवलंस तिथंच, माझ्या शिलाई मशीनच्या फळीवर. पुण्याहून प्रकाशकांच्या मृण्मयीचा परवा पुन्हा फोन आला. "काकू, नावांची सूची सोमवारी छपाईला जाणार. त्या बाईंचं काय ठरलं? घ्यायचं की गाळायचं?" मी म्हटलं, बघते. तुझ्याशी उभा जन्म भांडले, पण ‘बघते’ असलं मिळमिळीत उत्तर तुला कधी दिलं नव्हतं. फोन ठेवला आणि तू गेल्यावर पहिल्यांदा तुझा राग आला. भांडण अर्धं टाकून जायची कुठली पद्धत गं ही?

पुढचं तुला सांगायची गरज नाही, पण हे चार लोक वाचणार आहेत, त्यांना कळायला हवं. ‘गस्त मंडळ’ ही आपल्या शाळेच्या दिवसांतली रहस्यकथांची मालिका. करंजमाळ नावाचं, कुठल्याच नकाशात नसलेलं गाव. तिथली दिगू, शालन आणि रहमान ही तीन पोरं आणि ‘हवालदार’ नावाचा कुत्रा. चोरांचा माग काढायचा, भुयारात शिरायचं, खोट्या नोटावाल्यांना धरून द्यायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं. लेखक एकटाच, पण पुस्तकं येतच राहिली. आपण परकर-पोलक्यातून साडीत आलो, तरी मंडळातली पोरं आपली सातवीतच. तू म्हणायचीस, "ही पोरं नापास हुत्यात का काय दरसाली?"

एक पुस्तक दोघीत वाचायचो. तुझं वाचन वाऱ्यासारखं आणि माझं बोट ठेवून. तुझं पान कधीच संपलेलं असायचं, पण तू एकटीनं कधी पान उलटलं नाहीस. पानाचा कोपरा चिमटीत धरून बसायचीस आणि विचारायचीस, "झालं? उलटू?" मी ‘हूं’ म्हणेपर्यंत तू हलायची नाहीस, मग भुयारात तिकडं काय का होईना. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात असलं बोलायची रीतच नव्हती.

मग तू सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये लागलीस, मी संसारात. माझा मालक गेला तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून बसून असायचे. सगळे येऊन समजूत घालून गेले. तू आलीस ती गाठोड्यात जुनी ‘गस्त मंडळ’ बांधून आणि हातात कात्री घेऊन. म्हणालीस, "बसून काय करतीस? चल, नावं काढू."

"कुणाची नावं?"

"सगळ्यांची. पैल्या पुस्तकापास्नं."

मला वाटलं, रिटायर झाल्यावर हिला येड लागलं. पण उठले. त्या दिवशी मी उठले, हे आज इथं स्पष्ट लिहून ठेवते.

तुझे नियम लॅबचेच. एकीनं नाव मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं ते तसंच परत म्हणायचं, आणि मगच कार्डावर लिहायचं. बाटलीवर चिठ्ठी लावताना तुम्ही तसंच करायचा म्हणे. माझा आवाज कबनूरच्या मागांवर घडलेला. बापाच्या घरी यंत्रमाग दिवसभर खडखडायचे, तिथं हळू बोलून कुणाला ऐकू जायचं? त्यामुळं मी ‘भिकू शिंपी’ म्हटलं की खालच्या दुकानातला माणूस वर बघायचा. एकदा तो जिना चढून आला आणि म्हणाला, "मावशी, कोण भिकू? काय घेऊन पळालाय का?" तू त्याला सरळ सांगितलंस, "व्हय, देवळाची घंटा." तो बिचारा पुढं कितीतरी दिवस चौकशी करत होता, घंटा सापडली का म्हणून.

कुठलंच नाव लहान नाही, हा दुसरा नियम. एका ओळीत येऊन गेलेल्या पोस्टमनला कार्ड, कोंबड्याला कार्ड, बुडालेल्या होडीला कार्ड. हवालदार कुत्रा वेगळा आणि चौकीतला हवालदार वेगळा. मंडळाच्या चोरभाषेतले शब्द तर तू नावांच्याही आधी लावलेस. ‘सुईदोरा’ म्हणजे कुणाच्या नजरेत न येता त्याच्या मागं चालणं. ‘रिकामी विहीर’ म्हणजे फसवा धागा. ‘बैल बसला’ म्हणजे बेत अडला. ते शब्द आपल्या तोंडात इतके बसले की गॅस संपला तरी तू फोनवर ‘बैल बसला’ म्हणायचीस.

आणि कार्डं कसली, तर लग्नपत्रिकांची. आपल्याकडं पत्रिकेचा कागद जाड, आणि मागची बाजू कोरी. सगळ्या पेठेच्या पत्रिका तू गोळा करायचीस. कापून, चपलांच्या खोक्यात उभ्या लावायच्या. प्रत्येक दरोडेखोराच्या पाठीवर गणपती आणि शुभविवाह. पत्रिका हातात आली की आपण तारखेच्या आधी मागची बाजू बघायचो. त्यातच ते झालं. तुझ्या सख्ख्या भाच्याची पत्रिका आली आणि तू ती त्याच दुपारी कापून टाकलीस. लग्न कधी, कुठं, सगळं चार तुकड्यांत चार गुन्हेगारांच्या पाठीवर. तारीख आठवणीनं धरून आपण आहेर घेऊन गेलो, तर मांडववाले बांबू उतरवत होते. लग्न आदल्या दिवशीच लागलेलं. तुझा भाऊ दारात कमरेवर हात देऊन उभा. तू त्याला म्हणालीस, "आरं, तुझ्या पोराची तारीख ‘म’मधी गेली." तो वर्षभर तुझ्याशी बोलला नाही. घरी येऊन आपण ती चारी कार्डं काढून बघितली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. लग्नाची तारीख दागिने चोरणाऱ्या मल्हारीच्या पाठीवर होती.

आता त्या बाईवर येते.

मी कांदा-लसणाच्या चटणीसाठी मिरच्या भाजत होते. ठसक्यानं जीव चाललेला आणि तुझा फोन. नेहमीचं ‘काय करतीस’ नाही, काही नाही.

"विमल, तांब्याला पोचा हाय."

"कुठल्या तांब्याला?"

"पाणी देती ती बाई. तिच्या तांब्याला."

"कोण बाई? मिरची करपाय लागल्या माझी."

"करपू दे. ये हिकडं."

आले. गॅस बंद केला आणि तशीच आले, हाताला तिखट घेऊन. तू सगळी पुस्तकं जमिनीवर पसरली होतीस, प्रत्येकात एक सुतळीचा तुकडा. म्हणालीस, वाच. मी वाचलं. पहिल्या पुस्तकात पोरं दमून परतताना वाटेवरच्या एका घरी थांबतात. एक बाई बाहेर येते, पोचा आलेल्या तांब्यातून पाणी देते आणि विचारते, "कुणाची रं पोरं तुमी?" पोरं पाणी पिऊन पळतात. दोन ओळी. नाव नाही. पुढच्या पुस्तकात पुन्हा तेच, दोन ओळी. लहानपणापासून ह्या ओळी आपण किती वेळा वाचल्या असतील. एकीच्याही ध्यानात आलं नाही. ज्याला नाव नाही त्याच्यावर आपली नजर थांबतच नव्हती. आपण नावंच तर शोधत होतो.

"बरं मग?" मी म्हटलं. "लेखकाला दुसरं सुचलं नसंल."

"आता तिचे केस बघ," तू म्हणालीस.

पहिल्या पुस्तकात तिच्या अंबाड्यात अबोलीचा गजरा. मधल्या एका पुस्तकात भांग रुंद झालेला. पुढं कपाळावर कुंकू दिसत नाही, त्यावर लेखकाचा एक शब्द नाही. मग कानावरच्या बटा पांढऱ्या. मग तांब्या धरताना हात थरथरतो आणि निम्मं पाणी शालनच्या फ्रॉकवर सांडतं. पोरं तीच, इयत्ता तीच, कुत्राही तोच. सगळ्या करंजमाळात दिवस पुढं गेले ते त्या एकटीचे. आणि शेवटच्या पुस्तकात पोरं त्या घराशी येतात तर दार ओढलेलं. तांब्या कट्ट्यावर पालथा. पोरं आपल्या हातानं आडातनं पाणी शेंदून पितात आणि दिगू तांब्या पुन्हा होता तसा पालथा ठेवतो. पुस्तक पुढं जातं, चोर सापडतो, सगळे हसतात.

  पोरांच्या चोर-शिपायाच्या पुस्तकात एका माणसानं एका बाईचं अख्खं आयुष्य दोन-दोन ओळींनी लिहून ठेवलं आणि जन्मभर कुणाला सांगितलं नाही. तो लेखक त्या शेवटच्या पुस्तकानंतर गेला. विचारायची सोय नाही. आणि ते दिसलं कुणाला, तर तुला. सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवून नोकरी काढलेल्या बाईला.  तू शांतपणे कात्री उचललीस, एक कार्ड कापलंस, नावाची जागा मोकळी सोडलीस आणि खाली पानांचे आकडे लिहायला लागलीस.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, ही नावांची सूची. जिला नाव नाही ती हिच्यात बसत नाही. लेखकानं ओळी आळसानं पुन्हा वापरल्या नसतील कशावरनं? तू म्हणालीस, "आळसानं केस पांढरं हुत न्हाईत." बरं, म्हटलं, घे. पण अक्षर सांग. ‘पाणी देणारी’ म्हणून ‘प’त घालू? तू म्हणालीस, ते तिचं काम, नाव न्हवं. ‘अनामिक’ म्हणून ‘अ’त घालू? "अनामिक म्हंजे जिला नावच न्हाय. हिला हाय की. आपल्याला ठावं न्हाय एवढंच." मग तूच ठेव एखादं नाव, मी वैतागून म्हटलं. तर कानाला हात लावलास. लेखकानं न सांगितलेलं मी सांगणारी कोण, म्हणून. मी ते कार्ड ‘प’त खोचायचे, तू काढून मशीनच्या फळीवर ठेवायचीस. पाहुणे आले तर त्यांना वाटायचं, दोघी पत्ते खेळतात.

प्रकाशकांनी सगळ्या पुस्तकांचा नवा संच काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांना तुझी आठवण झाली. चुका दाखवणारी तुझी पोस्टकार्डं त्यांच्याकडं वर्षानुवर्षं जात होती. आपली खोकी सूची म्हणून संचाच्या शेवटी छापायची ठरली आणि तू देव्हाऱ्यापुढं साखर ठेवलीस. पण मृण्मयीला तू एकच सांगितलंस, ती बाई गाळणार असाल तर माझी सूचीच छापू नका. मृण्मयी गुणाची पोरगी. म्हणाली, घेऊ, पण कशी घ्यायची ते तुम्ही दोघींनी ठरवा. आणि आपण ठरवलं नाही.

मग छातीच्या दुखण्यानं तू दवाखान्यात पडलीस. मी दुपारचा डबा घेऊन आले तेव्हा नर्स तुझं रक्त घेत होती. छातीला नळ्या लावलेल्या, बोलायची मनाई, तरी तू त्या पोरीला थांबवलंस. "बाटलीवर नाव लिव्हलंय न्हवं? दाखीव." तिनं दाखवलं. तू मान हलवलीस. ती गेल्यावर मी तुला डिवचलं. बिननावाची बाटली आली तर लॅबमध्ये काय करायचा गं तुम्ही? टाकून द्यायचा ना? मग त्या बाईला एवढं का धरून बसलीस?

मला वाटलं होतं, आता सापडली.  तू म्हणालीस, "टाकायलाच लागतीया. नियम हाय. पर आत रक्त कुणाचं तरी असतंयच की. दरयेळी हात थांबायचा माझा."

 तू डब्यातलं काही खाल्लं नाहीस. निघताना माझा पदर धरलास आणि म्हणालीस, "विमल, बैल बसला." मी म्हटलं, गप, उठवू बैलाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या लेकाचा, सतीशचा फोन आला.

त्या दिवशीचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. स्मशानातून माणसं परत आली. दारात एक बाई बादली घेऊन उभी होती, येईल त्याच्या पायावर पाणी घालत होती. मग तीच आत आली आणि सगळ्यांना प्यायला पाणी देत फिरली. माझ्यापुढं आली तेव्हा मी मान हलवली, नको म्हणून. ती म्हणाली, "घ्या बाई. घसा सुकलाय तुमचा." मी प्यायले. सगळं प्यायले. मला केवढी तहान लागली होती ते त्या घोटाला कळलं. हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या तिच्या हातात. तोंड काही केल्या आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर गेलो. नैवेद्य ठेवला आणि सगळे मागं सरून उभे राहिलो. कावळा अडला की मागं राहिलेली इच्छा बोलून दाखवायची, मी करते म्हणून शब्द द्यायचा. मला वाटलं, तू अडणारच. तुझ्यासारखी हट्टी बाई अडणार नाही तर कोण? मी घरातूनच वाक्य जुळवून आणलं होतं, ‘कुसुम, तुझी बाई सूचीत घेते, जा आता सुखानं.’ पदर सावरून पुढं झाले, आणि तोंड उघडायच्या आत कावळा आला, शिवला, भाताचा घास घेऊन उडालासुद्धा. सतीश रडत रडत हसला. म्हणाला, "मावशी, आईनं कुणालाच ताटकळत ठेवलं न्हाय बघा." मी तशीच, शब्द तोंडात धरून उभी. माझ्याकडून वचन घेऊन जायची सोपी वाट होती आणि ती तू घेतली नाहीस. मारून मुटकून कबूल केलेलं तुला नको होतं.

घरी आल्यावर सतीशच्या बायकोनं विचारलं, "मावशी, त्या दिवशी पाणी द्यायला हुत्या त्या तुमच्या वळखीच्या का? भांडीबिंडी सगळी घासून गेल्या." मला वाटलं होतं ती सतीशच्या सासरची. सासरच्यांना वाटलं गल्लीतली. गल्लीतल्यांना वाटलं तुझ्या दवाखान्यातली. भूतबित काही नव्हतं गं, चार घरं टाकून राहणारी कुणी असेल. आणि तांब्याही नव्हता, प्लॅस्टिकचा जग होता. पण एवढं माणसांनी भरलेलं घर, सगळे तिच्या हातचं पाणी प्यायलेले, आणि तिचं नाव एकालाही ठाऊक नाही. कोंबड्याचं नाव सोडलं नाही ती मी, मलाही विचारायचं सुचलं नाही. तहानलेला माणूस तांब्याकडंच बघतो. तुझं म्हणणं मला तिथं, सतीशच्या स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या कळलं. वाद तू जिंकलीस, आणि मान्य करायला मी कुणाकडं जायचं?

काल मृण्मयीला फोन लावला. म्हटलं, बाईला घे. नावाची जागा मोकळी सोड. पुढं एवढंच लिही, ‘वाटेवरच्या घरी पाणी देणारी’, आणि पुस्तकं नि पानं.

"पण काकू, कुठल्या अक्षरात?"

"कुठल्याच न्हाय. शेवटी टाक. ‘ज्ञ’च्या खाली." दुसरं काय सांगणार? पंगतीत शेवटी बसेल, पण बसेल, असा मी विचार केला. तुला ते आवडलं नसतं हेही ठाऊक होतं.

आज सकाळी तिचा फोन. आवाज जरा वेगळा होता. म्हणाली, "काकू, मी ती नोंद शेवटी लिहिली आणि सगळी सूची संगणकाला अक्षरानुसार लावायला सांगितली. त्या बाई खाली राहिल्याच नाहीत. पार वर गेल्या, ‘अ’च्याही आधी. संगणक मोकळी जागा पहिल्या अक्षराच्या आधी धरतो. खाली आणू का त्यांना हातानं?"

 दिगू, शालन, रहमान, ते चोर, ते फौजदार, तो भिकू शिंपी, सगळे खाली रांगेत. आणि सगळ्यांच्या वर, दारातच, ती. करंजमाळात शिरणारा प्रत्येक जण आता तिच्यावरनंच जाणार. आपण इतकी वर्षं कुठलं अक्षर म्हणून भांडलो, आणि तिची जागा अक्षरं सुरू व्हायच्या आधीच होती. तू लिहिलंस तसं, काही न लिहिता.

"काकू? आहात ना?"

"हाय," मी म्हटलं. "राहू दे तिला तिथंच. हात लावू नकोस."

मशीनच्या फळीवरचं कार्ड उचलून मी पहिल्या खोक्यात सगळ्यांच्या पुढं उभं केलं. नीट बसलं. खोक्याचं झाकण लावलं आणि शेजारी बघितलं, सवयीनं.

माझं झालं, कुसुम. उलट पान.